दोषसंकेत (जुन्या मोटारींतील)

इंजिनावर देखरेख करणाऱ्या संगणकाने एखाद्या सेन्सरच्या किंवा विद्युत् मंडलाच्या बिघाडाची जी नोंद आकड्यांत साठवलेली असते, तिला दोषसंकेत म्हणतात. अमेरिकेत 1996 च्या मॉडेलांपासून सर्व मोटारींना संकेत वाचण्यासाठी 16 पिनांचा एकच जोड (कनेक्टर) आणि समान संकेत सक्तीचे झाले. त्याआधी प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी होती, आणि अनेक गाड्यांत डॅशबोर्डवरच्या ‘चेक इंजिन’ दिव्याची लुकलुक मोजली की काम भागत असे. जनरल मोटर्सच्या 1980 च्या दशकातील गाड्या हे त्याचे ठळक उदाहरण होय.

या गाड्यांत डॅशबोर्डखाली 12 खाचांचा जोड असतो. चावी बंद असताना त्याच्या ‘ए’ आणि ‘बी’ या दोनच खाचा वायरच्या तुकड्याने जोडतात आणि मग इंजिन सुरू न करता चावी फिरवतात. दिवा एकदा लुकलुकतो, थांबतो, मग लागोपाठ दोनदा लुकलुकतो. हा 12, आणि तो तीनदा येतो. इंजिन फिरत नसल्याने डिस्ट्रिब्यूटरकडून (सिलिंडरांना ठिणगीचा प्रवाह वाटणाऱ्या भागाकडून) विद्युत् स्पंद येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. तो बिघाड नसून संगणक जागा असल्याची खूण आहे. त्यानंतर साठवलेला प्रत्येक संकेत तीनतीनदा येतो आणि शेवटी पुन्हा 12. मनात मोजण्यापेक्षा कागदावर काड्या ओढलेल्या बऱ्या.

संकेत मंडलाचे नाव सांगतो, बिघडलेल्या भागाचे नव्हे. हे ध्यानात न घेता थेट भाग बदलणे ही या कामातली सर्वांत महागडी चूक होय. शीतकाच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमान सेन्सरचा विद्युत् रोध 20 अंश सेल्सिअसला सुमारे 3,500 ओहम, तर 100 अंशांना 180 ओहमच्या आसपास असतो. त्याची वायर तुटली तर रोध अमर्याद वाढतो, संगणकाला इंजिन बर्फासारखे थंड भासते आणि 15 नोंदला जातो. वायर गाडीच्या धातूच्या सांगाड्याला (‘अर्थ’ला) टेकली तर उलट अतिउष्ण समजून 14. म्हणून 15 आल्यावर सेन्सरचा जोड काढून दोन्ही वायरी एकमेकींना जोडून पाहतात. आता 14 आला, तर वायरी आणि संगणक ठीक आहेत आणि दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या जोडात आहे. 44 हा एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण विरळ, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, आढळल्याचा संकेत. पण इंधनाचा दाब कमी असला, हवेची नळी फाटली असली किंवा सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट गळत असला, तरी तोच येतो, आणि तेव्हा बिचारा सेन्सर खरेच सांगत असतो.

दोष अधूनमधून येणारा असल्यास दिवा विझतो, पण संकेत स्मृतीत राहतो. तो दोष पुन्हा न दिसता इंजिन सुमारे 50 वेळा सुरू झाले, की संगणक तो आपणहून पुसतो. हाताने पुसण्यासाठी चावी बंद ठेवून संगणकाचा फ्यूज अर्धा मिनिट काढतात. मात्र त्याआधी सर्व आकडे लिहून घ्यावे लागतात, कारण पुसल्यावर गाडी चांगली तापेपर्यंत चालवून पुन्हा वाचले असता जो संकेत परत येतो, तपास त्याच्यापासून सुरू करायचा असतो.