शीतपेयांतील कॅफीन व बेंझोएटचे अतिनील मापन

शीतपेयात मिसळलेले कॅफीन, सोडियम बेंझोएट (पेय टिकवणारे परिरक्षक) यांसारखे पदार्थ किती प्रमाणात आहेत, हे त्यांनी शोषलेल्या अतिनील प्रकाशावरून ठरवण्याची पद्धत. रसायनशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात हा प्रयोग बऱ्याच ठिकाणी करून घेतला जातो.

कोलाच्या एका लिटरमध्ये साखर शंभरेक ग्रॅम असते आणि कॅफीन जेमतेम शंभरेक मिलिग्रॅम, म्हणजे हजारपट कमी. तरीही कॅफीन सापडते, कारण साखर आणि फॉस्फोरिक आम्ल २०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या वरच्या पट्ट्यात जवळजवळ काहीच शोषत नाहीत. कॅफीन मात्र २७३ नॅनोमीटरजवळ भरपूर शोषते. बेंझोएटचे आम्लरूप म्हणजे बेंझोइक आम्ल; त्याचे शिखर २३० नॅनोमीटरजवळ येते. विरल द्रावणात शोषणांक, म्हणजे किती प्रकाश शोषला गेला हे सांगणारा आकडा, द्रावणातील पदार्थाच्या संहतीच्या सम प्रमाणात वाढतो, हा बिअर-लॅम्बर्ट नियम मापनाचा पाया आहे. लिटरमागे १० मिलिग्रॅम कॅफीन असलेले द्रावण १ सेंटिमीटरच्या सेलमध्ये (द्रावण ठेवण्याच्या पारदर्शक पात्रात) २७३ नॅनोमीटरला साधारण ०.५ शोषणांक देते. म्हणून कोला दहापट विरल केला की वाचन यंत्राच्या सोयीच्या टप्प्यात येते.

बाटली उघडून थेट सेल भरली तर आकडा चुकणारच. वायूचे बुडबुडे प्रकाश विखुरतात आणि शोषणांक फुगतो. त्यासाठी पेय कोमट करून, ढवळून वायू घालवतात, गाळतात आणि मग ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने विरल करतात. आम्ल घालण्यामागे कारण आहे. बेंझोइक आम्लाचा पीकेए (ज्या सामूला निम्मे आम्ल बेंझोएट बनते तो आकडा) सुमारे ४.२ असल्याने सामू बदलला की आम्ल आणि बेंझोएट यांचे प्रमाण बदलते, आणि दोघांचे वर्णपट वेगळे. पुरेशा आम्लात सगळे बेंझोएट आम्लरूपात येते. सेल क्वार्ट्‌झचीच लागते; साधी काच ही किरणे स्वतःच अडवते.

दोन्ही पदार्थ एकमेकांच्या पट्ट्यात थोडेफार शोषतात. त्यामुळे शुद्ध कॅफीन आणि शुद्ध बेंझोइक आम्लाच्या प्रमाण द्रावणांवरून २३० व २७५ नॅनोमीटरची शोषकता (ठरावीक संहतीला येणारा शोषणांक) आधी काढतात, नमुन्याचे वाचन याच दोन तरंगलांबींवर घेतात आणि दोन समीकरणे सोडवतात.

हे गणित नेटके असले तरी पेयात दोनच पदार्थ शोषतात असे ते गृहीत धरते, आणि पद्धतीचा खरा कमकुवतपणा इथेच आहे. कॅरॅमल रंग जवळपास सगळ्या अतिनील पट्ट्यात शोषतो. डाएट पेयांत सॅकरीन आणि काहीसे अस्पार्टेम ही साखरेऐवजी वापरलेली गोड द्रव्ये भर घालतात. एनर्जी ड्रिंकमध्ये नायसिनामाइड, पायरिडॉक्सिन आणि रायबोफ्लेविन ही जीवनसत्त्वे कॅफीनच्या आसपासच गर्दी करतात. यंत्र एकूण शोषण मोजते. ते कोणाचे, हे सांगत नाही. नमुन्यात ज्ञात कॅफीन वाढवत नेऊन मोजण्याची युक्तीही येथे पुरत नाही. तिने आलेखाचा उतार सुधारतो, पार्श्वभूमीची भर तशीच राहते. त्यापेक्षा पेय अल्कलीयुक्त करून डायक्लोरोमिथेनबरोबर हलवणे उपयोगी: कॅफीन सेंद्रिय थरात जाते, बेंझोएट आणि बराचसा रंग पाण्यात राहतो. याहून खात्रीचा मार्ग उच्च कार्यक्षमता द्रव वर्णलेखनाचा, म्हणजे एचपीएलसीचा. त्यात घटक स्तंभात आधी वेगळे होतात आणि मग अतिनील शोधकासमोरून एकेक करून जातात.

भारतात कार्बोनेटेड पेयातील कॅफीनसाठी लिटरमागे १४५ मिलिग्रॅमची कमाल मर्यादा-रेषा आहे; अमेरिकेत कोला प्रकारच्या पेयांसाठी ०.०२ टक्के, म्हणजे २०० मिलिग्रॅमच्या आसपास. अशा रेषेजवळच्या नमुन्याचा निकाल सरळ शोषणांकावरून देणे योग्य नाही. तो चाळणी म्हणून वापरावा आणि निर्णय एचपीएलसीवर सोडावा.

शीतपेयांची प्रत्येक तपासणी मात्र या पद्धतीने होत नाही. २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंटने कोला पेयांत कीटकनाशकांचे अंश असल्याचे जाहीर केले, तेव्हा प्रश्न लिटरमागे मायक्रोग्रॅमचा होता. तिथे सरळ अतिनील वाचन हतबल ठरते; त्यासाठी वायू वर्णलेखन, म्हणजे घटक वायुरूपात वेगळे करून मोजण्याची पद्धत, लागते.