पुस्तक हवेत उलटतं कसं?

एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक घ्या आणि उघडू नये म्हणून त्याला रबर बँड लावा. कव्हर आपल्याकडे, बांधणीची कड डाव्या हातात. आता वरची बाजू खाली जाईल अशी एक कोलांटी देऊन हवेत उडवा आणि झेला. बांधणी उजव्या हातात आली ना? आपण तर फक्त कोलांटी दिली होती, मग ही अर्धी गिरकी आली कुठून? परत परत करून बघा, बहुतेक वेळा हेच होतं. लाटण्यासारखं उभ्या अक्षावर फिरवलं किंवा टेबलावर थाळी गरगरवतो तसं फिरवलं तर मात्र असं काही होत नाही.

1985 मध्ये सोव्हिएत अंतराळवीर व्लादिमीर जानिबेकोव यांनी सॅल्युत 7 या अंतराळ स्थानकावर हेच पाहिलं. दोन कानांचा विंग नट त्यांनी टिचकी मारून फिरवला, तो आट्यांवरून सुटून फिरत फिरत तरंगत निघाला आणि थोडं अंतर गेला की झटकन उलटा, परत सुलटा, परत उलटा, कोणी हात न लावता.

मला हे पटलं ते डोंगरामुळे. वस्तूचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, जो बाहेरून कोणी ढकललं नाही तर बदलत नाही, तो ठरलेला असला की लांब अक्षावर, म्हणजे लाटण्यासारखं, फिरताना ऊर्जा सगळ्यात जास्त लागते, ते शिखर समजा. थाळीसारखं फिरणं म्हणजे दरीचा तळ, आणि मधला अक्ष, ज्यावर आपण कोलांटी दिली, म्हणजे खिंड. ऊर्जा बदलत नाही म्हणजे उंची न बदलता चालायचं. शिखराजवळ किंवा तळाजवळ असं चाललात तर छोटी चक्कर मारून तिथेच परत येता, पण खिंडीत पाऊल जरा जरी बाजूला पडलं तर त्याच उंचीची वाट तुम्हाला लांब पलीकडच्या खिंडीत नेते. तिथे पोचणं म्हणजेच ते उलटणं, आणि हाताने अगदी अचूक फिरवणं कोणालाच जमत नाही, त्यामुळे पाऊल बाजूला पडतंच.

आणि ऊर्जा हळूहळू गळत असेल तर? अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्स्प्लोरर 1, 1958 चा, साधारण 2 मीटर लांब आणि जेमतेम 16 सेंटीमीटर जाड. त्याला लांब अक्षावर गरगरत सोडला होता, म्हणजे थेट शिखरावर. पण त्याच्या चार लवचिक अँटेना हलत राहिल्या, त्यात ऊर्जा उष्णता होऊन गेली, आणि थोड्याच वेळात तो भिरकावलेल्या काठीसारखा कोलांट्या खायला लागला. शिखरावरून उतरत उतरत थेट दरीत.