निषिद्ध विषयांवरील कादंबऱ्यांची चित्रपट-रूपांतरे (ग्रामीण विदर्भ)

महारोग, आत्महत्या, लैंगिक शोषण अशा, घरात किंवा चावडीवर उघड न बोलल्या जाणाऱ्या विषयांवरील कादंबरी पडद्यावर आणताना काय दाखवायचे आणि काय गाळायचे, हा या रूपांतरांतील मुख्य प्रश्न असतो. कादंबरी एकट्याने वाचली जाते; चित्रपट मात्र जत्रेतल्या तंबूत असो वा तालुक्याच्या टॉकीजमध्ये, सासू-सुना आणि बाप-लेक यांच्या सोबतीने पाहिला जातो, आणि रूपांतरकाराचा संकोच बराचसा यातूनच येतो. कायदाही हा भेद मानतो. पुस्तकाला प्रकाशनापूर्वी परवानगी लागत नाही, चित्रपटाला मात्र १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रमाणपत्र लागते. चित्रपटाचा भावनांवरील परिणाम इतर कलांहून तीव्र असतो, या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात (१९७०) हे पूर्वपरीक्षण वैध ठरविले.

राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांचा आधार घेणाऱ्या ‘जोगवा’ (२००९) या चित्रपटाने देवीला वाहिलेल्या जोगत्या-जोगतिणींच्या शोषणाच्या मध्यभागी तायप्पा आणि सुली यांचे प्रेम ठेवले. प्रेक्षकाला त्यामुळे धरायला धागा मिळाला. विदर्भातील कादंबरीला असा धागा सहजी जोडता येत नाही.

उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) मध्ये कौतिकचा नवरा महादेव याला महारोग जडतो. वऱ्हाडी संवादांतून घराची परवड उलगडत असताना वाचकाला रोग्याचे शरीर सतत पाहावे लागत नाही. कॅमेऱ्याला ते टाळता येत नाही, आणि रंगभूषा जरा जास्त झाली की करुणेच्या जागी किळस येते. दत्तपूर, तपोवन आणि आनंदवन ही महारोग्यांच्या सेवेची केंद्रे ज्या मुलखात उभी राहिली, तेथे ही चूक विशेष खटकेल. (याच नावाचा २०१२ चा मराठी चित्रपट या कादंबरीवर आधारलेला नाही.)

सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ (२००२) या कोरडवाहू शेतकरी कुटुंबाच्या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धीरज मेश्राम यांनी तिच्यावर चित्रपट केला तो हिंदीत. म्हणजे कर्ज आणि अपमान ज्या बोलीत आडवळणाने बोलले जातात, ती बोलीच मागे राहिली. शेतकरी-आत्महत्येच्या विषयात अडचण आणखी वाढते, कारण गळफास एका दृश्यात मावतो, तर सोसायटीची थकबाकी, दुबार पेरणी, कापसाचा पडलेला भाव आणि लेकीचे लांबलेले लग्न यांना कादंबरीची शेकडो पाने लागतात.