उष्ण दिवसांत घरची छोटी मत्स्यटाकी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

उकाडा वाढू लागला की आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचा सूर एकच असतो : मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करीत आहेत, पाणी तर स्वच्छ दिसते आहे, मग बिघडले काय? बहुतेक वेळा पाणी घाण झालेले नसते. ते तापलेले असते आणि त्यातला प्राणवायू कमी झालेला असतो. २० ते ६० लिटरची टाकी असणाऱ्यांना हा त्रास सर्वांत आधी जाणवतो, कारण पाणी जितके थोडे तितके ते खोलीच्या तापमानाबरोबर लवकर वर चढते. हे पत्रक मुख्यतः अशा टाक्यांसाठी आहे.

२० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना हेच प्रमाण साडेसात मिलिग्रॅमपर्यंत उतरते. घट मोठी वाटत नाही, परंतु मासा शीतरक्ताचा प्राणी असल्याने पाणी तापले की त्याच्या शरीराचे व्यवहारही वेगाने चालू लागतात आणि पाण्यात १० अंशांची वाढ झाली तर त्याची प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते. पुरवठा घटतो आणि मागणी वाढते, अशा दुहेरी कात्रीत तो सापडतो. शिवाय पाण्यात थोडाफार अमोनिया असेल, तर तापमानाबरोबर त्यातला विषारी अंश वाढतो.

किती अंश म्हणजे जास्त, याचे उत्तर माशावर अवलंबून आहे. गोल्डफिशला १८ ते २२ अंश मानवतात, निऑन टेट्राला २६ अंशांच्या आत ठेवलेले बरे, गप्पी २८ अंशांपर्यंत सहज राहतात, तर डिस्कससाठी २८ ते ३० अंश हेच योग्य तापमान आहे. फायटर पृष्ठभागावर येऊन थेट हवेतला श्वास घेऊ शकतो, म्हणून तो इतरांपेक्षा अधिक काळ तग धरतो. मात्र त्यावरून त्याला त्रास होत नाही असा अर्थ काढू नये. हाताने पाणी चाचपून अंदाज बांधण्यापेक्षा साधा थर्मामीटर लावावा, तो हीटर आणि दिव्यापासून दूर असावा, आणि दुपार उलटल्यावर एकदा व पहाटे एकदा आकडा लिहून ठेवावा. पहाटेची नोंद विशेष महत्त्वाची आहे, कारण टाकीतल्या वनस्पती अंधारात प्राणवायू सोडत नाहीत, उलट वापरतात, आणि त्याची पातळी सकाळ होण्यापूर्वी सर्वांत खाली गेलेली असते.

थंड करण्याआधी टाकीला उष्णता कुठून मिळते ते पाहावे. खिडकीतून येणारी उन्हाची तिरीप, झाकणात बसवलेला दिवा, पाण्यात बुडालेल्या पंपाची मोटर आणि उन्हाने तापणाऱ्या भिंतीला चिकटून ठेवलेली टाकी ही नेहमीची कारणे आहेत. दिवा दिवसातून सहा तासांवर आणावा आणि शक्य असल्यास तो संध्याकाळी लावावा. हीटर बसवलेला असेल, तर त्याचा थर्मोस्टॅट अडकून तो अखंड चालू राहिलेला नाही ना, हे जरूर तपासावे. उन्हाळ्यात तो प्लगमधून काढूनच ठेवलेला बरा.

यानंतरचा आमचा पहिला सल्ला पंख्याचा आहे. पाण्याची वाफ होताना ती उरलेल्या पाण्यातून उष्णता घेऊन जाते, आणि हा परिणाम आपण समजतो त्याहून मोठा आहे : ४० लिटरच्या टाकीतून ४०० मिलिलिटर पाणी उडून गेले, तर तेवढ्याने टाकी साडेपाच अंशांहून अधिक थंड होण्याइतकी उष्णता बाहेर पडते. खोलीतून उष्णता सतत परत येत असल्यामुळे प्रत्यक्षात दोन ते चार अंशांचा फरक पडतो. हवा दमट असेल तर त्याहूनही कमी. झाकण काढून छोटा पंखा असा लावावा, की वारा पृष्ठभागावरून तिरका वाहील. मासे उडी मारून बाहेर पडू नयेत म्हणून वर बारीक जाळी ताणावी. पंखा पाण्यात पडणार नाही असा घट्ट बसवावा आणि त्याच्या वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत न पोचता झोळाच्या तळाशी ठिबकेल. पंख्यामुळे पाणी रोज कमी होते, पण क्षार टाकीतच राहतात. त्यामुळे भर घालताना क्लोरीन काढलेले, शक्यतो कमी क्षारांचे पाणी वापरावे आणि नेहमीचे पाणी बदलणे थांबवू नये.

बर्फाचे तुकडे थेट टाकीत टाकू नयेत, ही आमची कळकळीची विनंती आहे. तापमान तासाला एका अंशाहून अधिक उतरू नये. अचानक बसलेल्या थंडाव्याने मासा उष्णतेपेक्षाही अधिक हादरतो. अगदीच गरज पडली, तर बाटलीत पाणी गोठवून ती बंद बाटली तरंगत ठेवावी, आणि गोठताना पाणी फुगते म्हणून भरताना वर थोडी जागा सोडावी. अर्ध्या लिटरची एक बाटली ४० लिटर पाणी दीड अंशापेक्षा कमीच थंड करते आणि तो परिणाम फार टिकत नाही, त्यामुळे हा उपाय दुपारची एखादी वेळ निभावण्यापुरताच आहे. किंचित थंड पाण्याने टाकीतले १० ते १५ टक्के पाणी सावकाश बदलणेही चालते.

मासे धापा टाकताना दिसले, तर तापमान उतरवण्याची घाई करण्याआधी एअर पंप चालू करावा किंवा फिल्टरचे तोंड वर करून पाणी पृष्ठभागावर खळखळते ठेवावे, कारण प्राणवायू पाण्यात शिरतो तो मुख्यतः हलत्या पृष्ठभागातूनच. अशा दिवसांत खाद्य निम्म्यावर आणावे आणि नवे मासे सोडू नयेत. वीज वारंवार जात असेल, तर बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असावा; फिल्टर बराच वेळ बंद राहिल्यास त्यातले उपयुक्त जिवाणूही प्राणवायूवाचून मरू लागतात.

चिलरविषयी आम्हांला वारंवार विचारले जाते. तो तापमान नेमके राखतो, पण टाकीतली उष्णता खोलीत सोडतो, म्हणून बंद कपाटात किंवा लहानशा कोंदट खोलीत त्याचा उपयोग घटतो. गप्पी किंवा फायटर यांच्यासाठी तो घेण्याची सहसा गरज पडत नाही. गोल्डफिशसारखे थंड पाण्यातले मासे कायम तापणाऱ्या खोलीत ठेवायचे असतील, तरच त्याचा विचार करावा. सल्ल्यासाठी येताना टाकी किती लिटरची आहे, मासे कोणते व किती आहेत आणि गेल्या तीन दिवसांतली दुपारची व पहाटेची तापमाने काय होती, एवढे लिहून आणावे.