चष्म्याचा नंबर लेन्सला का चालत नाही?

कोल्हापुरात चष्मा ही तशी अडचणीचीच वस्तू. जुलैच्या पावसात राजारामपुरीतून शाहूपुरीत दुचाकीवर जायचं म्हटलं तरी काचा पुसून हात दुखतो. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघातून खेळणाऱ्या पोराला चष्मा घालून डोक्यानं चेंडू मारता येत नाही, आणि तालमीत तर तो खुंटीलाच. म्हणून कॉलेजात पाऊल ठेवणारी पोरं, लग्न ठरलेल्या मुली, खेळाडू असे सगळे चष्म्याच्या दुकानात येतात आणि चिठ्ठी पुढं सरकवतात: "हा नंबर आहे, याच्या कॉन्टॅक्ट लेन्स द्या." डोळे पुन्हा तपासावे लागतील असं दुकानदारानं म्हटलं, की पैसे काढायचा धंदा वाटतो. पण इथं दुकानदाराचं खरं असतं.

नंबर मोजायची आजची पद्धतच चष्म्यासाठी घडली. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता हा १८६२ सालचा, डच डॉक्टर हर्मन स्नेलेन यांचा. भिंगाची ताकद ज्यात सांगतात ते डायॉप्टर हे एकक फ्रेंच नेत्रतज्ज्ञ मोनोयर यांनी १८७२ मध्ये सुचवलं. चिठ्ठीवरचा आकडा असतो डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर दूर बसलेल्या काचेचा. तेच भिंग थेट बुबुळावर आणलं की हिशेब बदलतो. चष्म्याचा उणे ८ लेन्समध्ये उणे सव्वासातच्या आसपास येतो. अधिक ८ असेल तर उलट वाढून पावणेनऊच्या घरात जातो. उणे ४ पर्यंत हा फरक पाव नंबरापेक्षा कमी, म्हणून सोडून देतात. "मला तर चष्म्याचाच नंबर चालला" असं छातीठोक सांगणारे बहुतेक याच लहान नंबरातले असतात.

डोळ्यालाच भिंग लावून बघण्याची कल्पना चष्म्याच्या चिठ्ठीपेक्षा जुनी आहे. इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी १८०१ मध्ये पाण्यानं भरलेली, भिंग बसवलेली छोटी नळी स्वतःच्या डोळ्याला टेकवून प्रयोग केल्याचं लिहिलं. त्यांना नंबर घालवायचा नव्हता, डोळा जवळचं-लांबचं कसं साधतो ते शोधायचं होतं. घालायची म्हणून लेन्स आली ती १८८८ मध्ये. झुरिकमध्ये आडोल्फ फिक यांनी काचेच्या वाट्या आधी सशांच्या आणि मग स्वतःच्या डोळ्यात घालून पाहिल्या. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या कील इथं ऑगस्ट म्युलर या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं आपला उणे १४ चा नंबर घालवण्यासाठी असंच भिंग बनवलं. कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर केला, तरी अर्ध्या तासाच्या वर ते सोसवेना.

याचं मुख्य कारण पुढं कळलं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात, रक्तवाहिन्या नसतात. तो ऑक्सिजन घेतो मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरामार्गे. डोळ्याचा पांढरा भागही झाकणारी काच बसवली की खालचे अश्रू साचून राहतात आणि कॉर्निया गुदमरतो. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियात केव्हिन टूही यांनी फक्त कॉर्नियापुरती छोटी प्लास्टिकची लेन्स आणली. पापणी मिटली की ती हलायची, खाली ताजे अश्रू जायचे. प्लास्टिकमधून मात्र ऑक्सिजन जातच नव्हता.

मऊ लेन्सची गोष्ट उद्यमनगरात लेथवर वाढलेल्या माणसाला नक्की आवडेल. प्रागमधले रसायनशास्त्रज्ञ ओटो विक्टर्ले आणि त्यांचे सहकारी द्राहोस्लाव लीम यांनी पाणी शोषून मऊ होणारं प्लास्टिक तयार केलं होतं, पण त्याची लेन्स धड बनत नव्हती. काठ फाटायचे. सरकारनं काम थांबवायला सांगितलं. १९६१ च्या नाताळात विक्टर्ले यांनी घरीच, पोरांच्या जोडणीच्या खेळातले सुटे भाग आणि सायकलचा डायनामो घेऊन एक यंत्र उभं केलं. फिरत्या साच्यात द्रव टाकायचा. फिरण्याच्या जोरानं तो आपोआप भिंगाचा आकार घेतो. पहिल्या चार लेन्स अशा निघाल्या. हक्क पुढं अमेरिकेत गेले, १९७१ मध्ये तिथं बॉश अँड लॉम्बच्या मऊ लेन्सला मान्यता मिळाली. नंतर आलेल्या सिलिकॉन हायड्रोजेल या मऊ प्लास्टिकमधून ऑक्सिजन कितीतरी जास्त जाऊ लागला. तरी झोपताना लेन्स काढायचीच.

चिठ्ठीतला दुसरा गुंता सिलिंडर नंबरचा, म्हणजे कॉर्नियाचा गोलावा सगळीकडे सारखा नसल्यानं लागणाऱ्या नंबरचा. कडक लेन्सखाली साचलेला अश्रूंचा थर स्वतःच भिंगाचं काम करतो आणि कॉर्नियाचा वेडावाकडा गोलावा बराचसा झाकून टाकतो. मऊ लेन्स मात्र डोळ्याच्या आकारावर अंग टाकते, त्यामुळे तो दोष तसाच उरतो. तिथं टॉरिक, म्हणजे सिलिंडर नंबर असलेली लेन्स लागते. ती डोळ्यात फिरू नये म्हणून बहुधा खालून जरा जाड ठेवतात. सिलिंडर पाव-अर्धा असेल तर त्याचा निम्मा भाग साध्या नंबरात मिळवून भागवतात: उणे ३ आणि सिलिंडर उणे अर्धा, तर लेन्स उणे सव्वातीन. "दोन्ही डोळ्यांना सिलिंडर आहे, लेन्स बसणार नाहीत" हे जुनं ऐकीव आता खरं राहिलेलं नाही.

शिवाय मापं आहेत. कॉर्नियाचा गोलावा केरॅटोमीटरवर मोजतात, आणि त्यावरून लेन्सचा बेस कर्व्ह, म्हणजे तिच्या आतल्या बाजूचा गोलावा ८.४ मिलिमीटर की ८.६, हे ठरतं. लेन्स घट्ट बसली तर डोळा लाल होतो, सैल असली तर ती सरकते आणि नजर पुसट होते. चष्म्याच्या चिठ्ठीवर यातलं काहीच नसतं. आपल्याकडे ऑप्टोमेट्रीचं, म्हणजे नजर तपासून नंबर काढण्याचं पदवी शिक्षणही तसं अलीकडचं. चेन्नईतली एलीट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री १९८५ सालची. त्यामुळे "कॉम्प्युटरवर डोळे तपासून मिळतील" या पाटीलाच आपण तपासणी समजत आलो. यंत्राचा आकडा ही फक्त सुरुवात असते. नमुन्याची लेन्स डोळ्यात घालून थोडा वेळ बसवायचं, ती कशी बसते ते भिंगातून बघायचं, मग तिच्यावरूनच पुन्हा तक्ता वाचायला लावायचा. लेन्सचा नंबर तेव्हा पक्का होतो.

पाण्याची भानगडही जुनी आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत मिठाच्या गोळ्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून लेन्स धुणाऱ्यांमध्ये अकँथअमीबाचा डोळ्यांचा संसर्ग वाढला. हा जीव नळाच्या पाण्यातही असतो, तळ्यातही. म्हणजे पंचगंगेत पोहायला उतरताना लेन्स घरी. तांबड्या मातीत उतरणाऱ्या पैलवानानं आणि फाउंड्रीतल्या कामगारानं लेन्सबद्दल आधी डॉक्टरांशी बोलावं. ठेचा कुटलेल्या हातांबद्दल कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको.

चाळिशीतल्यांना आणखी एक अनुभव येतो. उणे नंबरवाला चष्मा घालून वाचतो तेव्हा दूर बसलेली काच डोळ्याचा जवळ बघण्याचा ताण थोडा हलका करते. लेन्सवर आलं की ती सवलत संपते. लांबचं लख्ख दिसतं आणि मोबाईल मात्र हात लांब करून वाचावा लागतो. अशा वेळी नंबर चुकला म्हणून भांडण्याआधी, तपासताना वाचनाचा तक्ताही दाखवला होता का, एवढं विचारून घ्यावं.