आर्क्टिक वन्यजीव आश्रयस्थानातील तेल उत्खननाचा वाद

अलास्काच्या ईशान्य कोपऱ्यात, ब्रुक्स पर्वतरांग व बोफर्ट समुद्र यांमधील किनारी मैदानात खनिज तेलासाठी वेधन करू द्यावे की नाही, याविषयीचा वाद. राष्ट्राध्यक्ष आयझनहॉवर यांच्या कारकीर्दीत १९६० मध्ये राखीव झालेले हे आश्रयस्थान १९८० च्या कायद्याने दुपटीहून मोठे झाले. त्याच कायद्याच्या कलम १००२ ने सु. १५ लाख एकर मैदानाची पाहणी करण्यास सांगितले, तर कलम १००३ ने काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) संमतीवाचून तेथे तेलाचे उत्पादन करण्यास मनाई केली. ‘१००२ क्षेत्र’ हे नाव त्यावरून पडले. हे मैदान सर्रास ‘संरक्षित वन्यप्रदेश’ म्हटले जात असले, तरी त्या वैधानिक वर्गात ते मोडत नाही. आश्रयस्थानाचा दुसरा, सु. ८० लाख एकरांचा भाग त्या वर्गात आहे.

तेल किती, हा वादाचा गाभा. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या १९९८ च्या अंदाजाप्रमाणे तांत्रिक दृष्ट्या काढता येण्याजोगे तेल ५.७ ते १६ अब्ज पिंपे असून मध्यमान १०.४ अब्ज येते. मात्र या आकड्यात मूलनिवासींच्या जमिनी व राज्याचे किनारी पाणीही धरले आहे. केवळ संघीय जमिनीपुरते मध्यमान ७.७ अब्ज आहे. समर्थक बहुधा पहिला आकडा देतात. दुसरा अधिक काटेकोर वाटतो, पण तोही परवडेल अशा खर्चात निघणाऱ्या तेलाचा नव्हे. अंदाजाचा आधार मुख्यतः १९८४–८५ मधील भूकंपीय सर्वेक्षण हा आहे. मैदानातील काकटोविक या गावच्या इनुपिआत या मूलनिवासींच्या कंपनीच्या जमिनीवर खोदलेल्या एकमेव विहिरीचे निष्कर्ष दीर्घकाळ गुप्त राहिले.

पॉर्क्युपाइन नावाच्या कळपातील कॅरिबूंची (रानटी रेनडिअरांची) वीण याच मैदानात होते. त्यांवर उपजीविका असलेले ग्विचिन लोक उत्खननाला विरोध करतात. काकटोविकच्या इनुपिआतांपैकी अनेकांचा त्याला पाठिंबा आहे.

उत्खननाची तरतूद असलेले विधेयक क्लिंटन यांनी १९९५ मध्ये नकाराधिकार वापरून रोखले. २०१७ च्या करकायद्याने मात्र उत्खननासाठी भाडेपट्ट्यांचे दोन लिलाव बंधनकारक केले व पृष्ठभागावरील बांधकामास २,००० एकरांची मर्यादा घातली. या मर्यादेत तेलवाहिनीच्या खांबांखालची जागा तेवढी मोजली जाते, खांबांमधील लांबी नाही; त्यामुळे आकडा दिसतो त्याहून प्रत्यक्ष पसारा मोठा असू शकतो. जानेवारी २०२१ च्या लिलावात बहुतेक पट्टे राज्याच्याच विकास संस्थेने घेतले. बायडेन शासनाने ते २०२३ मध्ये रद्द केले. जानेवारी २०२५ च्या लिलावात एकही बोली आली नाही. त्याच वर्षीच्या कायद्याने आणखी चार लिलाव अनिवार्य केले.