अनंताचं रोप घरी नेल्यावर
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

अनंत घेऊन गेलेले ग्राहक बहुतेक वेळा दोनच तक्रारी घेऊन परत येतात. पानं पिवळी पडली, नाहीतर टपोऱ्या झालेल्या कळ्या न उमलताच गळाल्या. तोवर घरी खत घालून झालेलं असतं, पाणी वाढवून झालेलं असतं आणि झाड आणखीच मलूल झालेलं असतं. अनंत फार नाजूक, असं सर्रास म्हटलं जातं. आम्हाला ते पटत नाही. आम्लधर्मी माती आणि एकसारखी ओल या दोन बाबतींत तो हट्टी आहे, एवढंच. ते जमलं की अनंत वर्षानुवर्षं फुलतो. म्हणून या पत्रकात सर्वांत जास्त जागा मातीला दिली आहे.

आधी रोपाची ओळख. डबल तगर आणि अनंत यांत पुष्कळांची गल्लत होते. पानाचं देठ मोडून बघा. पांढरा चीक आला तर ती तगर. अनंताला असा चीक नसतो. अनंताचं शास्त्रीय नाव गार्डेनिया जॅस्मिनॉइड्स. नावातल्या 'गार्डन'चा बागेशी संबंध नाही. अलेक्झांडर गार्डन या स्कॉटिश डॉक्टर-निसर्गअभ्यासकाच्या सन्मानार्थ ब्रिटिश निसर्गअभ्यासक जॉन एलिस यांनी 1761 मध्ये हे नाव दिलं. 'जॅस्मिनॉइड्स' हा नावाचा दुसरा भाग जाईजुईची (जॅस्मिनची) आठवण करून देतो, पण झाड कॉफीच्या कुळातलं आहे, आणि कॉफीसारखीच त्यालाही आम्लधर्मी माती मानवते.

माती

मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकी माती आम्लधर्मी) 5 ते 6 च्या दरम्यान असावा. साडेसहाच्या वर गेला की मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. ताटात वाढलेलं आहे, पण हात बांधलेले आहेत, अशी झाडाची गत होते. अशा वेळी जास्तीचं खत घालून काही साधत नाही.

कुंडीसाठी आम्ही दोन भाग बागेची माती, एक भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग कुजलेल्या पालापाचोळ्याचं खत आणि दोन मुठी जाड वाळू असं मिश्रण वापरतो. कोकोपीट धुवायचा कंटाळा करू नका, त्यात क्षार असतात. वाळूत शिंपल्यांचे तुकडे दिसले तर ती वाळू नको, कारण शिंपला म्हणजे चुनाच. त्याच कारणासाठी अंड्याची टरफलं, चुन्याची निवळी आणि चुलीतली राख अनंताच्या मातीत कधीही घालू नका. इतर झाडांना उपयोगी पडणाऱ्या या गोष्टी अनंताच्या मुळावर येतात.

हे आम्ही स्वतः अनुभवलं आहे. एकदा रोपांची एक रांग नव्या गिलाव्याच्या भिंतीलगत जमिनीत लावली. माती तीच, पाणी तेच, तरी भिंतीकडची रोपं पिवळी पडत गेली आणि दोन हात पुढची हिरवीगार राहिली. भिंतीवरून ओघळणाऱ्या पाण्याबरोबर सिमेंटमधला चुना मातीत उतरत होता. तेव्हापासून आम्ही अनंत भिंतीच्या बुडाशी लावत नाही. तुम्हीही लावू नका.

लावताना रोपाची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, आजूबाजूच्या मातीपेक्षा बोटभर उंच ठेवा. खोडाशी माती चढवलेली त्याला सोसत नाही. कुंडी बदलताना एकदम मोठी घेऊ नका, आधीच्यापेक्षा दोन इंच रुंद पुरे. मोठ्या कुंडीतली माती ओलीच राहते आणि मुळं सडतात.

पान पिवळं पडलं तर

घाई न करता पान उजेडात धरून बघा. शेंड्याकडचं कोवळं पान पिवळं, पण शिरा मात्र हिरव्या, जणू पिवळ्या कापडावर हिरवी जाळी काढली आहे, असं दिसलं तर लोह कमी पडतंय. चिलेटेड लोह, म्हणजे मातीत सहज अडकून न बसणाऱ्या रूपातलं लोह, पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यातून द्या. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, स्वस्त पडतं. 1 लिटर पाण्यात 2 ग्रॅम विरघळवून महिन्यातून एकदा मातीत ओता. मात्र सामू चढलेला असेल तर त्यातलं लोह लवकरच मातीत अडकून बसतं, तिथे चिलेटेडच बरं. हिराकशीचं पाणी फरशीवर सांडलं तर गंजाचे डाग पडतात, तेव्हा कुंडीखाली आधी थाळी ठेवा. सामू खाली आणायला मातीत थोडं गंधक मिसळता येतं, पण त्याचा परिणाम दिसायला आठवडे, कधी महिने लागतात.

बुडाकडची जुनी पानं पिवळी होऊन गळत असतील तर गोष्ट वेगळी. अधूनमधून एखाददुसरं पान पिकणं स्वाभाविक आहे. एकदम दहाबारा पानं गेली आणि बोट दोन पेरं आत घातल्यावर माती चिकट ओली लागली, तर पाणी जास्त झालंय. कुंडीची भोकं मोकळी करा आणि वरचा इंचभर थर सुकेपर्यंत पाणी थांबवा. उपाय केल्यावर जुन्या पानांकडे बघून निराश होऊ नका. नवी पालवी हिरवी आली की झाड सावरलं समजा.

पाणी

पाणी घालताना वेळेपेक्षा बोटाचा अंदाज खरा. वरचा थर कोरडा लागला की भरपूर पाणी घाला, खालून वाहून जाईपर्यंत. जड पाण्यात कॅल्शियमचे क्षार असतात आणि ते हळूहळू सामू चढवत नेतात. मिळेल तेव्हा पावसाचं पाणी साठवून द्या. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी बरेचजण बचत म्हणून झाडांना घालतात. हेतू चांगला आहे, पण त्या पाण्यात नळाच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. अनंताला ते नकोच.

कळ्या गळतात तेव्हा

कळी धरल्यावर अनंताला बदल खपत नाही. कुंडी हलवली, माती एकदा कडक सुकली आणि मग भिजली, कोरडा वारा सुटला, खताचा मोठा डोस पडला, यातलं काहीही कळ्या पाडायला पुरेसं असतं. रात्रीचं तापमान साधारण 16 ते 18 अंश सेल्सिअस असताना कळ्या चांगल्या धरतात. रात्री फार उबदार झाल्या की गळ वाढते. तापमान आपल्या हातात नाही, जागा आहे. सकाळचं चार ते सहा तास ऊन आणि दुपारी सावली, अशी एक जागा कळ्या येण्याआधीच ठरवा आणि बहर संपेपर्यंत कुंडी तिथून हलवू नका. मातीवर वाळक्या पानांचं आच्छादन केलं की ओल टिकते. गळलेली कळी एकदा उकलून बघा. आत बारीक, लांबट किडे धावताना दिसले तर तो फुलकिड्यांचा त्रास आहे.

उमललेल्या फुलाच्या पाकळीला बोट लावू नका, काही तासांत तिथे तपकिरी डाग उमटतो. तोडायचं तर देठाला धरून तोडा. पांढरं फूल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळसर होतं, तो रोग नव्हे.

छाटणी बहर संपल्यावर लगेच करा. उशीर झाला तर पुढच्या बहराच्या कळ्याच कापल्या जातात. छाटलेल्या फांद्यांतल्या निमपक्व शेंड्यांचे चार-पाच इंचांचे तुकडे दमट सावलीत लावले तर महिना-दोन महिन्यांत मुळं धरतात.

पानांवर काजळीसारखा काळा थर आला तर पानं उलटून बघा. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड खाली असते आणि तिच्या गोड चिकट्यावर ही काजळी वाढते. मुंग्यांची रांग हीही तिचीच खूण. 1 लिटर पाण्यात 5 मिलि निंबोळी तेल आणि थोडा द्रवरूप साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारा, आठवड्याने पुन्हा फवारा. घरात कुत्रं-मांजर असेल तर त्यांना पानं चघळू देऊ नका, उलट्या-जुलाब होऊ शकतात.

इतकं करूनही अडचण राहिली तर आमच्याकडे या. येताना शेंड्याचं एक पान, बुडाचं एक पान आणि कुंडीतली मूठभर माती वेगवेगळ्या कागदांत गुंडाळून आणा. फोटोत शिरांचा रंग नीट कळत नाही.